घाणेरड्या पॅडने जातो गाडीचा रंग; पॉलिश मारण्याआधी एवढं पाहून घ्या

अमरावती/अकोला : दसरा-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या ठिकाणी वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. पूजेच्या दिवशी गाडी चमकली पाहिजे म्हणून अनेक जण पॉलिश मारून घेतात. सावलीत गाडी चकाचक दिसते. दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. मग ‘पॉलिशच डुप्लिकेट होतं बापा’ म्हणत सगळं खापर डबीवर फुटतं. पण बरेचदा दोष असतो तो मशीनला लावलेल्या पॅडचा.

आजकालच्या गाडीला रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी. पॉलिश मारणं म्हणजे हाच थर किंचित घासून रेघा सपाट करणं. घासला गेलेला थर परत येत नाही. दरवर्षी कडक पॅडने घासत राहिलं तर थर विरतो, बाकीचं काम वऱ्हाडातलं ऊन करतं. छतावर, बोनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटायला लागले, की कोणतंच पॉलिश कामाचं नाही. पुन्हा रंग मारावा लागतो. पॅड शेकड्यांत येतो, बोनेटचा रंग हजारांत जातो.

पॅड मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो. नवीन रंग मारल्यावर पेंटर वॉटर पेपरने घासतात, त्याचे ओरखडे काढायला तो ठीक. चांगल्या गाडीवर नुसत्या चमकेसाठी लोकर फिरवू देऊ नये. मायक्रोफायबरचा पॅडही बऱ्यापैकी कापतो, पण लवकर भरतो. घरच्या गाडीसाठी बहुतेक वेळा फोमचा पॅड पुरतो. त्यात कडक, मध्यम आणि मऊ असे प्रकार येतात. रंगावरून मात्र ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा नारंगी पॅड कडक असतो, तर दुसरीचा मध्यम. पाकिटावर काय लिहिलं ते वाचा आणि बोटाने दाबून पाहा.

सुरुवात नेहमी मऊ पॅडने करावी. गाडी आधी स्वच्छ धुऊन, दीड फुटाच्या चौकोनात पॉलिश मारून उन्हात पाहावं. रेघा गेल्या तर काम झालं. नाही गेल्या तरच मध्यम पॅड घ्यावा. आधीच कडक पॅड लावून वेळ वाचवणारा कारागीर गाडीवाल्याच्या रंगाचा खर्च करतो.

आता मशीनचं. काही ठिकाणी लोखंड कापायच्या ग्राइंडरलाच पॅड लावतात. हे सरळ नुकसानीचं काम आहे. साधा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला १० हजारांहून जास्त फेरे घेतो. पॉलिशचं मशीन साधारण ६०० ते ३ हजार फेऱ्यांत चालतं आणि स्पीड कमी-जास्त करता येतो. ग्राइंडरवर पॅड इतका तापतो की काही सेकंदांत रंग जळतो. दरवाजाच्या कडा, बोनेटच्या मधली उठावदार रेघ आणि प्लास्टिकचा बंपर इथे आधी जळतो. म्हणून कडांना मास्किंग टेप लावून घ्यावी. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर मशीन लावूच नये. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, हात ठेवून पाहावा, मगच सुरू करावं.

जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप असेल तर पॅडवर लक्ष ठेवा. पॅडला लाल किंवा निळा रंग लागत असेल, तर त्या गाडीवर बहुधा क्लिअर कोट नाही, थेट रंगच निघतोय. अशा वेळी मऊ पॅड, हलका हात आणि थोडक्यात आटपणं बरं.

खरी गडबड मात्र पॅडच्या निगेत आहे. एकच पॅड सकाळपासून चार गाड्यांवर फिरतो. त्यात निघालेला रंग, वाळलेलं पॉलिश आणि धूळ बसते. रस्त्याच्या धुळीत बारीक रेतीचे कण असतात, तेच पुढच्या गाडीवर रेघा ओढतात. एक दरवाजा झाला की पॅड नायलॉनच्या ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावा. एका गाडीला तीन-चार पॅड आलटून पालटून वापरले तर उत्तमच. कडक पॉलिश लावलेला पॅड शेवटच्या फिनिशिंगला घेऊ नये. आणि जमिनीवर पडलेला पॅड झटकून परत लावायचा नाही, आधी धुवायचाच.

काम संपल्यावर पॅड वाळायच्या आत कोमट पाण्यात, सौम्य लिक्विड साबणाने धुवावा. उकळतं पाणी आणि ब्लीच नको, त्याने फोम आणि मागचा गोंद सुटतो. पिळायचा नाही, तळहातांत दाबून पाणी काढायचं. नंतर सावलीत, फोमची बाजू खाली ठेवून वाळवायचा, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात मुरत नाही. वाळला की झाकणाच्या डब्यात ठेवावा. वॉशिंग सेंटरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला पॅड दिवसभर धूळच गोळा करतो.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला आणखी एक भानगड आहे. बोअरचं खारं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. पॅड कडक होतो, गाडीवर पांढरे ठिपके पडतात. त्यामुळे पॅडचं शेवटचं पाणी तरी नळयोजनेचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्यावं. गाडीही खाऱ्या पाण्याने उन्हात धुतली, तर पुसल्याशिवाय सोडू नये. त्या ठिपक्यांवरच पॉलिश मारायची वेळ येते आणि थर पुन्हा घासला जातो.

गाडी देताना दुकानदाराला ‘भाऊ, पॅड दाखवा’ म्हणायला लाजू नका. पॅड हाताला करकरीत लागतो का, कड फाटली आहे का, मधला भाग बसला आहे का, वेल्क्रो सुटत आहे का, एवढं पाहायला एक मिनिट लागतो. मागची प्लेट पॅडपेक्षा लहान असावी. प्लेटची कड बाहेर आली तर ती थेट रंगावर घासते. यातलं काहीही दिसलं तर दुसरा पॅड लावायला सांगा. नसेल, तर तेवढ्या दिवसापुरती गाडी नुसती धुऊन हार घातला तरी पूजा होते.