डोक्यावरची तक्तपोशी

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांत कौलारू घरे अजून आहेत, आमचे त्यांतलेच. उन्हाळ्यात कौले तापतात, वारा सुटला की ताटात धूळ. म्हणून सागवानी तक्तपोशी करायचे ठरले. गणपतीआधी व्हावी असा सौभाग्यवतींचा हट्ट, तेव्हा श्रावणातच फळ्या चढल्या. गौरी-गणपतीला आलेला प्रत्येक पाहुणा मान वर करून 'वा!' म्हणून गेला.

वैशाखात मात्र फळ्यांमध्ये रुपया उभा जाईल एवढ्या फटी! धूळ पुन्हा ताटात. एका वयस्क सुतारांना बोलावले. वर नुसते पाहून ते म्हणाले, "मालक, पावसात ठोकलीया न्हवं ही?"

लाकूड हवेतला ओलावा पिते. फळी रुंदीत फुगते, आक्रसते. लांबीत जवळजवळ नाहीच. पावसात बसवलेली उन्हाळ्यात फाकते, उन्हाळ्यात गच्च बसवलेली पावसात फुगून उचलते. म्हणून मुहूर्त दिवाळीनंतरचा. त्याआधी दोन-तीन आठवडे फळ्या त्याच खोलीत, मध्ये रिपा घालून रचाव्यात. एका काठाला खाच, दुसऱ्याला जीभ काढावी. लाकूड हलले तरी जीभ खाचेतच राहते. खिळा जिभेतून तिरपा मारावा, भिंतीलगत बोटभर जागा सोडून वर पट्टी लावावी. सागाच्या बाहेरच्या पांढरट भागाची फळी घेऊ नये. वाळवीला तीच आवडते. आणि आधी कौले चाळून घ्यावीत, नाहीतर गळती तक्तपोशीमागे लपते.

मार्गशीर्षात आमच्या फळ्या उतरल्या, खाचा पाडून पुन्हा चढल्या. रुंदी घटली, म्हणून काही नव्या आणाव्या लागल्या. सौभाग्यवतींनी खर्च विचारला नाही.