ईमेलने छायाचित्रे धाडताना

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा घरोघरची छायाचित्रे धाडण्याविषयी सभासदांना विनंती करण्यात आली होती. लिंबायत, उधना, पांडेसरा येथून ती आली, तशी नंदुरबार-शहाद्याकडील नातेवाइकांकडूनही आली. पण त्यांत दोन तऱ्हा दिसल्या. कोणी एकाच ईमेलला चाळीस छायाचित्रे जोडली आणि तो ईमेल निघालाच नाही. तर कोणी ती इतकी लहान करून धाडली की छापखान्याने हात टेकले. या विषयावर सोप्या भाषेत काही लिहावे असे चिटणीसांनी आम्हांला सुचविले, म्हणून हा प्रपंच.

मोबाइलने काढलेले छायाचित्र म्हणजे वस्तुतः रंगीत ठिपक्यांचा तक्ता होय. सुरतेच्या माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. जॅकार्डच्या मागावर नक्षी चढविण्यापूर्वी ती चौकटींच्या कागदावर भरीत असत. चौकटी जितक्या अधिक तितका मोराचा पिसारा नाजूक, आणि तितके कामही अधिक. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अशा चौकटी आडव्या ४००० व उभ्या ३००० असतात, म्हणजे एकंदर १ कोटी २० लक्ष. दर चौकटीस तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे लागतात. सबब मूळ हिशेब ३६ एमबीचा होतो. एक एमबी म्हणजे सुमारे एक हजार केबी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे गणित सोपे जाईल.

प्रत्यक्षात मोबाइलमधील फाइल ३ ते ५ एमबीचीच दिसते. ही किमया जेपेग या पद्धतीची. तिचे प्रमाण १९९२ साली ठरले. परंतु तिच्या मुळाशी असलेले गणित मांडणारे गृहस्थ आपल्याच देशात, बंगलोर येथे, १९४० साली जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव नासिर अहमद. अमेरिकेत अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. कल्पना फारच साधी आहे, असा शेरा बसून ते नाकारले गेले! अहमद यांनी काम सोडले नाही, टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगातील बहुतेक छायाचित्रे त्याच वाटेने जातात.

रीत अशी. चित्राचे आठ आडव्या व आठ उभ्या चौकटींचे लहान तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्यात उजेड कोठे सावकाश बदलतो व कोठे झपाट्याने, हे निरनिराळे काढावयाचे. आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे टाकून द्यावयाचे. उजेडातला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका टिपत नाही, म्हणून रंगाच्या माहितीला कात्री अधिक लागते. मात्र एकदा टाकलेले परत येत नाही. लहान केलेले चित्र पुन्हा मोठे केले तर चौकटी वाढतात, पण आजोबांच्या पगडीचा गेलेला पीळ काही दिसू लागत नाही.

घरी वेगवान जोडणी असताना ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याने पाठविणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा विचार करावा. मोबाइलच्या पुष्कळ योजनांत दिवसाचा वाटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्या हिशेबाने ४ एमबीचे एक छायाचित्र जावयास ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दहा छायाचित्रांना जवळजवळ दीड तास! तेच चित्र ४०० केबीचे केले तर ५० सेकंदांत काम होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हाचा ९.६ किलोबिटचा वेग धरला तर ४ एमबीला सुमारे ५५ मिनिटे होतात. पुढच्या वर्षी निघालेल्या हॉटमेलच्या पेटीत एकंदर जागाच २ एमबीची होती.

आणखी एक गोष्ट. ईमेलची वाट मुळात अक्षरांसाठी बांधलेली आहे. त्यामुळे चित्राच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे करून ती रवाना होतात, आणि २० एमबीचे ओझे वाटेत २७ एमबीच्या आसपास भरते. चाळीस छायाचित्रांचा तो ईमेल का अडला, हे यावरून कळेल.

आता किती लहान करावे? केवळ पाहण्यासाठी असेल तर लांब बाजूस १००० ठिपके पुरेत. छापण्यासाठी दर इंचास ३०० ठिपके लागतात. म्हणून ४ बाय ६ इंचांच्या चित्राला १२०० बाय १८०० हवेत, त्याखाली उतरू नये. संगणकावरील ‘पेंट’ या साध्या सोयीत चित्र उघडून ‘रिसाइझ’वर जावे, लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवण्याची खूण करावी, आकडा घालावा आणि नव्या नावाने जेपेगमध्ये साठवावे. नव्या नावाने, हे महत्त्वाचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र नेहमीच्या रीतीने धाडले तर ते आपोआप लहान होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडले तर जसेच्या तसे जाते. छपाईसाठी दुसरीच वाट धरावी.

तथापि या विद्येची खरी निकड आम्हांला स्मरणिकेपेक्षा अर्जांच्या वेळी जाणवते. शिष्यवृत्ती असो, प्रवेश असो वा नोकरी, अर्जाबरोबर छायाचित्र मागितले जाते आणि त्याला वरची मर्यादा असते, तशी पुष्कळदा खालचीही. बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० ठिपक्यांचे व २० ते ५० केबीचे, आणि सही १४० बाय ६० ठिपक्यांची व १० ते २० केबीची मागितलेली असते. एका अर्जाच्या अखेरच्या सायंकाळी आमची एक जुनी विद्यार्थिनी मोबाइल घेऊन आली. गुण उत्तम, दाखले तयार, फी भरण्याची तयारी. अडले होते ते ३ एमबीच्या चित्रापाशी. भावाने ते दोनदा लहान केले, तर ते ९ केबीचे होऊन खालच्या मर्यादेबाहेर गेले. मूळ चित्रावरून पुन्हा आरंभ केला, तेव्हा ३८ केबीवर अर्ज स्वीकारला गेला. वेळ होती म्हणून निभावले. आमचे म्हणणे असे की दहावी उतरलेल्या प्रत्येक मुलामुलीचे छायाचित्र व सही ५० केबीच्या आत करून घरात तयार असावी. फुकटात चित्र लहान करून देणारी अनोळखी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. आधार कार्ड वा गुणपत्रिका तेथे चढवू नये.

लहान प्रत धाडावी, मूळ मात्र दोन ठिकाणी जपावे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहराच्या मोठ्या भागात शिरला, तेव्हा कितीतरी घरांतील अल्बम चिखलात गेले. ज्यांच्या प्रती परगावी नातेवाइकांकडे होत्या, त्यांचेच वडीलधाऱ्यांचे चेहरे आज नातवंडांना दाखविता येतात. जुन्या कागदी छायाचित्राची प्रत काढताना ते खिडकीपाशी सपाट ठेवावे, काचेतून काढावे, आणि अल्बमला चिकटले असेल तर ओढू नये.

आणि फाइलला नाव द्यावे. मोबाइलने दिलेल्या आकड्यांवरून कोणास काही कळत नाही. साल, गाव, आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण बसले आहे, एवढे ईमेलमध्ये लिहिले तरी पुरे. चार ओळींचे वजन एक केबीसुद्धा भरत नाही.