रुदुरूवर माद्रिद आलं, पण गँगाँशी खेळायला नाही

२९ जानेवारी २०२५च्या रात्री गँगाँच्या रुदुरू मैदानावर रेआल माद्रिद उतरलं. चॅम्पियन्स लीगचा सामना. रॉड्रिगोचे दोन गोल, बेलिंगहॅमचा एक, निकाल ३-०. ब्रिटनी प्रांतातल्या जेमतेम सात हजार वस्तीच्या गावात जगातला सर्वांत मोठा क्लब आला, याचं सगळीकडे कौतुक झालं. माद्रिद गँगाँशी खेळायला आलंच नव्हतं, हे मात्र त्या कौतुकात अर्ध्या ओळीत उरकलं गेलं. ते आलं होतं ब्रेस्तशी खेळायला. ब्रेस्तचं स्वतःचं मैदान युएफाच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी आपले घरचे युरोपीय सामने शंभरेक किलोमीटरवरच्या गँगाँत भरवले. पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर पॅरिस सँ-जर्मँही येऊन जिंकून गेलं. आणि ज्या क्लबासाठी हे मैदान १९९० साली उभं राहिलं, तो आँ आव्हाँ द गँगाँ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत, लीग टूमध्ये खेळत होता.

ब्रेस्तबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांनी मिळवलं ते कष्टानं मिळवलं. पण दुसऱ्याचं लग्न आपल्या मांडवात लागताना पाहावं, तसं त्या रात्री वाटलं. तेव्हापासून गँगाँच्या २००९ ते २०१९ या दहा वर्षांबद्दल लिहायचं मनात होतं.

त्याआधीचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो मी पाहिलेला नाही. क्लब १९१२चा. बरीच दशकं हौशी, स्थानिक स्पर्धांत रमलेला. १९७२ साली नोएल ल ग्राएत हे खाद्यपदार्थांच्या धंद्यातले गृहस्थ अध्यक्ष झाले आणि क्लबाचं नशीब पालटलं. १९९५मध्ये पहिल्यांदा पहिल्या श्रेणीत प्रवेश, १९९६मध्ये इंटरटोटो जिंकून युएफा कपात इंटर मिलानशी गाठ, १९९७मध्ये फ्रेंच कपाच्या अंतिम फेरीत नीसकडून पेनल्टींवर हार. २००२-०३च्या हंगामात दिदिए द्रोग्बाचे लीगमध्ये १७ गोल, जोडीला फ्लोराँ मालुदा आणि सातवा क्रमांक. आपल्याकडच्या आयएसएलमध्ये दिल्ली डायनामोजकडून खेळताना ज्याला अनेकांनी पाहिलं, तोच हा मालुदा. पुढे दोघंही मोठ्या क्लबांत गेले आणि २००४मध्ये गँगाँ पुन्हा खाली आलं.

माझी दहा वर्षं २००९पासून सुरू होतात. मी नोकरीनिमित्त लानियोंला होतो. दूरसंचाराच्या कंपन्यांमुळे त्या गावात आपले बरेच इंजिनिअर येऊन-जाऊन असत. गँगाँ तिथून गाडीनं अर्ध्या तासावर. हा सगळा भाग शेतीचा: कोबी-फ्लॉवर, आर्टिचोक, डुकरांची आणि कोंबड्यांची खुराडी. परक्या मैदानांवर गँगाँच्या पाठीराख्यांना "शेतकरी! शेतकरी!" म्हणून चिडवलं जायचं. मोठ्या शहरांतल्या प्रेक्षकांना तो अपमान वाटे. गँगाँच्या लोकांनी त्याबद्दल कधी मान खाली घातली नाही, आणि शेतीच्या जिल्ह्यातून आलेला मीसुद्धा त्या आरोळीनं दर वेळी गँगाँचा आणखी थोडा होत गेलो.

९ मे २००९. फ्रेंच कपाची अंतिम फेरी, स्टाद द फ्रान्स, ऐंशी हजार प्रेक्षक. दोन्ही संघ ब्रिटनीचे: राजधानीचं रेन आणि लीग टूमधलं गँगाँ. रेननं बोकानेग्राच्या गोलनं आघाडी घेतली. तीनच मिनिटांत एदुआर्दोनं बरोबरी साधली आणि शेवटची आठ मिनिटं उरलेली असताना त्यानंच दुसरा गोल केला. २-१. दुसऱ्या श्रेणीतल्या संघानं हा चषक जिंकण्याची इतिहासातली ती दुसरीच वेळ. पहिली होती १९५९ची, ल आव्र. अंतिम फेरीत पॅरिस किंवा मार्सेय नसल्यामुळे काही समालोचकांनी आधी नाकं मुरडली होती. काळ्या-पांढऱ्या ब्रेटन झेंड्यांनी भरलेलं ते स्टेडियम पाहून त्यांना काय वाटलं असेल ते असो. माझ्या दृष्टीनं फ्रेंच फुटबॉलचा त्या वर्षीचा सर्वांत खरा दिवस तोच.

आणि मग पुढच्याच वर्षी, २०१०मध्ये, हा चषकविजेता संघ तिसऱ्या श्रेणीत, नॅशनलमध्ये कोसळला. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत हँबर्गनं दोन्ही सामन्यांत धुवून काढलंच होतं. बाहेरचे लोक म्हणू लागले, झाला तमाशा, आता घरी जा.

तिथे ज्योसलँ गुर्वेनेक आला. ब्रेस्तमध्ये जन्मलेला, स्वतः चांगला मध्यरक्षक राहिलेला, प्रशिक्षक म्हणून तेव्हा जवळजवळ कोराच. पहिल्याच हंगामात त्यानं संघाला नॅशनलमधून वर काढलं. २०१३मध्ये मोनॅकोपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर राहून गँगाँ लीग वनमध्ये परतलं. तीन वर्षांत तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत. कोणा शेखचा किंवा फंडाचा पैसा नव्हता. त्याचा संघ पाहायला मजा यायची, कारण त्यातला प्रत्येक माणूस काय करतो हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं. बचावात क्रिस्तॉफ केरब्रा, प्लाबेनेकसारख्या छोट्या क्लबातून आलेला, पुढे कितीतरी हंगाम तिथेच राहिलेला. मध्यभागी लिओनेल मातिस, पुढे मुस्तफा यातबारे. सामन्याच्या दिवशी रुदुरूच्या बाहेर बकव्हीटच्या घावनात गुंडाळलेलं सॉसेज आणि सायडर, आणि आत गावाच्या वस्तीच्या दुप्पट माणसं.

३ मे २०१४ला पुन्हा तीच अंतिम फेरी, पुन्हा रेनच समोर. मार्तिन्स परेराचा गोल, मध्यंतरानंतर लगेच यातबारेचा, २-०. त्या वेळी गँगाँ लीग वनमध्ये होतं, तरी सामन्याआधी रेनचंच पारडं जड मानलं गेलं होतं. पाच वर्षांत दोन चषक, दोन्ही वेळी त्याच मोठ्या शेजाऱ्याला हरवून. रेनच्या लोकांना याचा सल किती वर्षं राहिला, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

त्यानंतरचा हंगाम माझ्या आठवणीत सर्वांत उजळ आहे. युरोपा लीगच्या गटात फिओरेन्तिना, पीएओके आणि दिनामो मिन्स्क. कुणालाही वाटलं नव्हतं, पण गँगाँ गटातून पुढे गेलं. फेब्रुवारी २०१५मध्ये दिनामो कीव्हला रुदुरूवर २-१नं हरवलं, मग कीव्हमध्ये १-३नं हार पत्करून बाहेर पडलं. त्याच हंगामात क्लोदिओ बोव्यूनं लीगमध्ये १७ गोल केले आणि संघ दहावा आला. बोव्यू लगेच लियोंला गेला. हेच दर वर्षी व्हायचं: चांगला खेळाडू तयार करायचा, विकायचा आणि त्या पैशांत पुढचं वर्ष काढायचं. त्याची तक्रार तेव्हा फारशी कुणी केली नाही. छोट्या क्लबाचा व्यवहार असाच चालतो, हे सगळ्यांना मान्य होतं. २०१६मध्ये गुर्वेनेक बोर्दोला गेला, आँत्वान कोंबुआरे आला, आणि त्यानंही संघ पहिल्याच वर्षी दहावा आणला. २०१७मध्ये कालोन नावाची संघटना निघाली आणि सामान्य पाठीराखे क्लबाचे भागीदार झाले.

इथे एक जुना हिशोब चुकता करायचा आहे. गँगाँ वर आलं की काही शहरी पत्रकार आणि चाहते म्हणायचे, ल ग्राएत वरती बसलेत ना, मग होणारच. ल ग्राएत १९९१ ते २००० लीगचे अध्यक्ष होते, २०११ ते २०२३ फ्रेंच फुटबॉल महासंघाचे. मग गँगाँ १९९८मध्ये खाली कसं गेलं? २०१०मध्ये, ते स्वतः क्लबाचे अध्यक्ष असताना, नॅशनलमध्ये कसं पडलं? २०१९मध्ये, ते महासंघाच्या खुर्चीत असताना, तळाशी का राहिलं? ल ग्राएत यांच्या वागणुकीबद्दल क्रीडा मंत्रालयानं करवलेला चौकशी अहवाल गंभीर होता, फेब्रुवारी २०२३मध्ये त्यांना जावं लागलं, आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून मैदानावर मिळवलेले चषक खोटे ठरवणाऱ्यांनी वरची तीन वर्षं नीट पाहावीत.

२०१९. ९ जानेवारीला लीग कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत गँगाँनं पार्क दे प्रँसवर पॅरिसला २-१नं बाहेर काढलं. ओळीनं पाच वर्षं तो चषक पॅरिसकडे होता. गँगाँला तीन पेनल्टी मिळाल्या. पहिली मार्कुस तुरामनं चुकवली, मग नेमारनं गोल केला, दुसरीवर एन्गबाकोतोनं गोल केला, आणि भरपाईच्या वेळेत तिसरी मारायला पुन्हा तुरामच पुढे आला आणि त्यानं ती मारली. एकवीस वर्षांच्या पोराची ती हिंमत! दहा दिवसांनी त्याच मैदानावर लीगमध्ये गँगाँला ०-९. कावानी तीन, एम्बापे तीन, नेमार दोन, म्युनिए एक. ज्यांनी ९ जानेवारीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांनी या नऊ गोलांवर पानंच्या पानं लिहिली. ३० मार्चला लीलमध्ये लीग कपाची अंतिम फेरी, स्त्रासबूर्गशी गोलशून्य बरोबरी, पेनल्टींवर हार. आदल्या नोव्हेंबरात परत बोलावलेल्या गुर्वेनेकलाही लीगमधली जागा वाचवता आली नाही. गँगाँ शेवटचं, विसावं. तुराम जर्मनीला गेला.

ती घसरण क्लबाच्या स्वतःच्या चुकांची होती, हे खरं. कोंबुआरेचा शेवटचा हंगाम भरकटलेला होता आणि खेळाडूंची खरेदी वाईट झाली होती. पण त्यानंतर जे झालं ते क्लबाच्या हातात नव्हतं. ज्या लीग कपात गँगाँ अंतिम फेरीपर्यंत गेलं, तो लीगनं २०२०नंतर बंद केला. २०२३मध्ये लीग वन वीस संघांवरून अठरा संघांवर आणली, त्यासाठी एका वर्षी चार संघ खाली पाठवले. २०२२मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक फंडाला लीगच्या व्यापारी कंपनीचा १३ टक्के हिस्सा दीड अब्ज युरोंना दिला. त्यातून पॅरिसच्या वाट्याला २० कोटी आले. तेव्हा लीग टूमध्ये असलेल्या ल आव्रला १५ लाख. ल आव्र त्याविरुद्ध न्यायालयात गेलं, आणि मला ते योग्यच वाटलं. प्रसारणाच्या हक्कांचा गोंधळ २०२०मध्ये मीडियाप्रो कंपनीशी फसलेल्या करारापासून आजपर्यंत मिटलेला नाही, आणि त्याची झळ सर्वांत आधी लीग टूला बसते.

म्हणजे वरच्या श्रेणीतल्या जागा कमी केल्या, एक चषक काढून घेतला, आणि पैशांचा मोठा वाटा वर असलेल्यांनाच दिला. याला सुधारणा म्हणतात. २०२४-२५मध्ये गँगाँ बढतीच्या प्ले-ऑफपर्यंत पोहोचलं आणि डंकर्ककडून हरलं. वीस संघांच्या लीगमध्ये परतीची वाट थोडी तरी रुंद असती.

फ्रेंच लीगच्या कारभाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. लीग वन पुन्हा वीस संघांची करावी. प्रसारणाच्या पैशांतला समान वाटा वाढवावा, आणि पुढच्या कुठल्याही कराराआधी लीग टूचा हिस्सा लेखी ठरवावा. आणि आपल्याकडे रात्री जागून पॅरिसचे सामने पाहणाऱ्या वाचकांनी कधी तरी रुदुरूवरचा लीग टूचा एखादा सामनाही लावून पाहावा.