दुसऱ्या रक्तस्रावापूर्वी

मेंदूतील धमनीवरचा फुगवटा फुटून होणारा पहिला रक्तस्राव आगाऊ वर्दी देऊन येत नाही, आणि त्याच्यापुढे रुग्णाची, आप्तांची किंवा वैद्यांची काहीच मात्रा चालत नाही. परंतु त्या पहिल्या तडाख्यातून जो वाचला, त्याच्या मेंदूत त्याच जागी होऊ पाहणारा दुसरा रक्तस्राव मात्र मनुष्याला अडविता येतो. आणि कवटी न उघडता, मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून आत शिरून तो अडविण्याची जी विद्या गेल्या साडेतीन दशकांत सिद्ध झाली, ती आधुनिक वैद्यकातील अत्यंत नाजूक आणि अत्यंत उपकारक विद्यांपैकी एक होय. या विद्येचे सारे मोल रुग्ण तिच्यापर्यंत किती तासांत पोचतो यावर अवलंबून असल्यामुळे, तिची माहिती डॉक्टरांइतकीच घराघरांतील माणसांनाही असणे अगत्याचे आहे.

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा परस्परांना मिळून एक वलय तयार होते. इंग्लंडातील वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वलयाचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुशिल्पी म्हणून कीर्ती पावलेले क्रिस्टोफर रेन यांनी त्या ग्रंथासाठी आकृत्या काढल्या. तेव्हापासून ते वलय विलिस यांच्याच नावाने ओळखले जाते. कवटीतील धमन्यांच्या भिंती शरीरातील इतर धमन्यांच्या मानाने पातळ असतात, आणि जेथे धमनीला फाटा फुटतो तेथे रक्ताचा प्रवाह भिंतीवर अहोरात्र आदळत राहतो. अशा जागी, झिजलेल्या टायरमधून सायकलची ट्यूब बाहेर यावी तशी, भिंत हळूहळू बाहेर फुगते. या फुगवट्यालाच डॉक्टर अॅन्युरिझम म्हणतात. प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगवटा असतो, आणि त्यांतील बहुतेकांना तो आहे याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी सुमारे सहा ते दहा जणांचा फुगवटा फुटतो. वाढलेला रक्तदाब आणि धूम्रपान ही त्याची दोन मोठी, आणि माणसाच्या आवाक्यातील, कारणे आहेत; काही घराण्यांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते.

फुगवटा फुटला म्हणजे रक्त मेंदूभोवतीच्या पातळ आवरणांमधील जागेत वेगाने पसरते आणि त्या क्षणी डोके असे दुखते की, रुग्ण पुढे ती घटका मिनिटासकट सांगू शकतो. चढत जाणारी ही वेदना नसते. ती काही सेकंदांत आपल्या परमावधीस पोचलेली असते. बरोबर ओकारी येते, मान ताठते, उजेड सोसवत नाही, आणि कित्येक जण जागच्या जागी बेशुद्ध पडतात. दर शंभरांतील दहा-पंधरा रुग्ण तर रुग्णालय गाठण्यापूर्वीच दगावतात. जे शुद्धीवर असतात त्यांच्या बाबतीत दुसराच धोका उभा राहतो. पित्त उसळले असेल, ऊन लागले असेल, अर्धशिशी असेल, असे म्हणून घरातील वडीलधारी माणसे कपाळाला सुंठ उगाळून लावतात, कोणी बाम चोळतो, कोणी दुकानातून गोळी आणतो, आणि दुखणे जरासे उतरले की सकाळी पाहू म्हणून रात्र काढली जाते. हीच रात्र सर्वांत घातक असते. फुटलेल्या जागी रक्ताची जी कच्ची गुठळी बसलेली असते, तिच्यावर पूर्वीचाच दाब सतत आदळत असतो, आणि पहिल्या चोवीस तासांत शंभरांतील निदान चौघांच्या बाबतीत ती सुटून पुन्हा रक्तस्राव होतो. हा दुसरा स्राव पहिल्यापेक्षा पुष्कळच अधिक प्राणघातक ठरतो. म्हणून आजची वैद्यकीय शिस्त अशी की, निदान झाल्यावर फुगवटा शक्य तो चोवीस तासांच्या आत बंद केलाच पाहिजे.

तो बंद करावयाचा तर आधी दिसला पाहिजे. धमनीत रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याची पद्धत पोर्तुगालमधील लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी १९२७ साली सिद्ध केली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ च्या मार्च महिन्यात, अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून एका फुगवट्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसविली, आणि या व्याधीवर शस्त्रक्रियेचा इलाज सुरू झाला. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ती शस्त्रक्रिया अतिशय प्रगत झाली आणि आजही तिने असंख्य प्राण वाचविले जातात. परंतु नुकत्याच झालेल्या रक्तस्रावाने सुजलेला मेंदू बाजूला सारून त्याच्या तळापर्यंत पोचणे हे मूळचेच कठीण कर्म आहे. तेथे रक्ताच्याच वाटेने जाता येईल काय, असा विचार मॉस्कोच्या बुर्देंको संस्थेतील शल्यवैद्य फ्योदोर सेर्बिनेंको यांनी केला. सांगतात की, मे दिनाच्या उत्सवात मुलांच्या हातातील दोरीला बांधलेले फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. नळीच्या टोकाला बसविलेला आणि योग्य जागी सोडून देता येणारा सूक्ष्म फुगा त्यांनी तयार केला, आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जगभरच्या शल्यवैद्यांचे लक्ष वेधले. मात्र फुग्याचा स्वभाव गोलाकार होण्याचा आणि अॅन्युरिझमचा आकार वेडावाकडा. त्यामुळे फुगा आतून भिंतीवर ताण देई, आणि आधीच जर्जर झालेली ती भिंत फुटण्याचे भय राही. भिंतीवर जोर न करता तिच्या आकारात सामावणारे काहीतरी हवे होते.

ते इटलीचे गुईदो गुल्येल्मी यांनी दिले. रोममध्ये सशांच्या धमन्यांवर प्रयोग करीत असता, फुगवट्यात नेलेल्या तारेत विद्युत्प्रवाह सोडून तेथे रक्त गोठविता येईल का, हे ते पाहत होते. आणि त्या प्रवाहाने तारेचे टोक झिजून आतच सुटले. ज्याला दुसऱ्या कोणी प्रयोगाचे वैगुण्य म्हटले असते, त्यातच त्यांना उपाय दिसला: तार हवी तेथे नेऊन, धक्का न देता, केवळ विजेने सोडता येते. १९८९ साली ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, आणि तेथे अभियंते इव्हान सेपेत्का यांच्या सहकार्याने प्लॅटिनमच्या मऊ वेटोळ्याला पोलादी तार जोडून त्यांनी नवे साधन घडविले. १९९० च्या मार्चमध्ये ते प्रथम मनुष्यावर वापरण्यात आले आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मंजुरी दिली. प्लॅटिनमची निवड विचारपूर्वक होती: तो धातू मऊ आहे, शरीरात निरुपद्रवी राहतो, क्ष-किरणांत ठळक दिसतो, आणि पुढे एम. आर. आय. तपासणीस आड येत नाही.

आज कॅथलॅबमध्ये हे काम कसे चालते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते, कारण किंचित हालचालही घात करील. जांघेतील अथवा मनगटातील धमनीतून एक नळी मानेपर्यंत चढविली जाते, आणि तिच्या आतून मिलिमीटरहून बारीक अशी दुसरी नळी पडद्यावरील चित्राच्या आधाराने वळणे घेत फुगवट्याच्या तोंडाशी नेली जाते. त्या नळीचे टोक आत जाते, परंतु पलीकडच्या भिंतीला टेकता कामा नये. मग पहिले वेटोळे सोडतात. ते फुगवट्याच्या मापाचे असून आत एक पोकळ चौकट रचते. डॉक्टर दोन दिशांनी घेतलेली चित्रे पाहतात. वेटोळ्याचा एखादा पदर मुख्य धमनीत डोकावत असेल तर सारे परत ओढून घेतात आणि पुन्हा रचतात. जागा मनास येईपर्यंत ही मुभा असते. ती मनास आली की जोड विजेने तोडला जातो, आणि त्यानंतर मात्र ते वेटोळे कायमचे रुग्णाचे होते. मग चौकटीत लहान, अधिक मऊ वेटोळी एकामागून एक भरली जातात. शेवटी रंजकद्रव्य सोडले असता ते फुगवट्यात शिरत नाही आणि पलीकडच्या सर्व शाखा मात्र भरलेल्या दिसतात, तेव्हा काम साधले. या साऱ्यात फुगवटा पुन्हा फुटणे आणि रक्ताची गुठळी पुढे सरकून दुसरी वाहिनी बंद होणे, असे दोन धोके क्षणोक्षणी हजर असतात. मध्येच तो फुटलाच, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा अंमल उतरवून, हात न थांबविता, उरलेली वेटोळी त्वरेने भरून ते छिद्र आतून बुजविणे हाच मार्ग असतो. ज्या फुगवट्याचे तोंड रुंद असते तेथे मुख्य धमनीत तात्पुरता फुगा फुगवून वेटोळी आत थोपवितात. ही युक्ती पॅरिसच्या जाक मोरे यांची.

नवा इलाज जुन्यापेक्षा सरस आहे काय, याचा निवाडा मतांनी होत नसतो. ऑक्सफर्डचे अँड्र्यू मॉलिन्यू आणि रिचर्ड कर यांच्या नेतृत्वाखाली १९९४ पासून मुख्यतः ब्रिटन आणि युरोपातील ४३ केंद्रांत एक चाचणी झाली. फुटलेल्या अॅन्युरिझमचे, आणि दोन्ही इलाजांना सारखेच योग्य असे, २,१४३ रुग्ण यादृच्छिक रीतीने दोन गटांत विभागण्यात आले. मधल्या तपासणीत फरक इतका स्पष्ट दिसला की, २००२ साली नवे रुग्ण घेणे थांबविण्यात आले. वर्षअखेर मरण पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६ टक्के, तर वेटोळ्यांच्या गटात २३.७ टक्के होते. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे जवळजवळ सात कुटुंबांचे भवितव्य बदलले. या निकालाचा अर्थ लावताना मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. चाचणीसाठी ९,५५९ रुग्ण पाहिले गेले होते आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत एकच इलाज योग्य असल्याचे वैद्यांचे मत होते. वेटोळी काळाने दबून फुगवट्याचे तोंड पुन्हा उघडण्याचा थोडा संभव असतो, म्हणून अशा रुग्णाने ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासणीस गेलेच पाहिजे. मेंदूत रक्ताचा मोठा गोळा साचला असेल, किंवा फुगवट्यातूनच शाखा निघत असतील, तेथे आजही शल्यवैद्याचा हात श्रेष्ठ ठरतो. उत्तम केंद्र तेच, जेथे दोन्ही विद्या जाणणारी माणसे एकत्र बसून निर्णय घेतात.

फुगवटा बंद झाला म्हणजे आजार संपला, असेही नाही. सांडलेल्या रक्तामुळे साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत मेंदूच्या धमन्या आक्रसतात आणि रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होऊ शकतो. त्यासाठी निमोडिपिन हे औषध २१ दिवस, दर चार तासांनी, रात्रीही न चुकविता देतात. काहींच्या मेंदूत पाणी साठते आणि ते बाहेर काढण्यासाठी बारीक नळी घालावी लागते. या दिवसांत अतिदक्षता विभागातील परिचारिकेने रुग्णाच्या हाताची पकड किंचित सैल पडल्याचे वेळीच ओळखणे, हे कॅथलॅबमधील कौशल्याइतकेच निर्णायक असते.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या जाणणारे निष्णात डॉक्टर आहेत, परंतु रात्रंदिवस सज्ज असलेली केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, आणि दूरच्या तालुक्यातील रुग्णाचे बहुमोल तास वाटेतच खर्ची पडतात. हे अंतर कमी करणे सरकारचे आणि वैद्यकीय संस्थांचे कर्तव्य आहे, आणि त्याची मागणी आपण हक्काने केली पाहिजे. पण त्या अंतराचा पहिला टप्पा आपल्याच घरात असतो. आयुष्यात पूर्वी कधीच उठली नाही अशी कळ एका क्षणात डोक्यात उठली, तर बाम आणि गोळ्या बाजूला ठेवाव्यात, अॅस्पिरिन तर देऊच नये, १०८ क्रमांक फिरवावा, आणि जेथे सी. टी. स्कॅन होतो अशाच रुग्णालयात रुग्णाला न्यावे. पहिल्या सहा तासांत केलेल्या त्या तपासणीत हे रक्त क्वचितच नजरेतून सुटते. तपासणीत काहीच निघाले नाही तर एक रात्र धावपळीत गेली इतकेच. आणि निघाले, तर लिस्बनपासून लॉस एंजेलिसपर्यंत अनेकांनी आयुष्य वेचून सिद्ध केलेली विद्या आपल्या माणसाच्या उपयोगी पडण्यास अजून अवधी आहे.