सेरेंडिपिटी : शोधायला गेले एक, सापडले दुसरेच

विज्ञानाच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तके वाचताना ‘सेरेंडिपिटी’ या शब्दापाशी तुम्ही एकदा तरी अडाल. कोश उघडला तर ‘सुखद योगायोग’, ‘अनपेक्षित लाभ’ असे काहीसे अर्थ मिळतात. ते चूक नाहीत, पण अर्धे आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर तो योगायोग झाला. संस्कृतातील काकतालीय न्याय त्याचाच भाऊबंद. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून एखादे अक्षर उमटले, तर त्याला घुणाक्षरन्याय म्हणतात. या दोन्हींत कावळ्याला किंवा किड्याला अक्कल लागत नाही. सेरेंडिपिटीला ती लागते.

हा शब्द कोणी आणि केव्हा बनवला, हे नेमके ठाऊक आहे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ रोजी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो प्रथम वापरला. ‘सेरेंदिपचे तीन राजपुत्र’ ही कथा त्याच्या वाचनात आली होती. सेरेंदिप म्हणजे आपली सिंहलद्वीप, आजची श्रीलंका. अरब खलाशांच्या तोंडी त्याचे ‘सरंदीब’ झाले. ही कथा १५५७ मध्ये व्हेनिस येथे इटालियन भाषेत छापली गेली, आणि तिचे मूळ दिल्लीच्या अमीर खुसरोच्या फारसी काव्यापर्यंत जाते. वॉलपोल म्हणतो की हे राजपुत्र प्रवासात योगायोगाने आणि चाणाक्षपणाने, न शोधलेल्या गोष्टी शोधून काढीत. व्याख्येचे तीन पाय येथेच आहेत : योगायोग, चाणाक्षपणा, आणि मिळालेली वस्तू मुळात शोधीत नसणे. गंमत अशी, की वॉलपोलने दिलेला दाखला या व्याख्येत नीट बसत नाही! वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले पाहून राजपुत्र ओळखतो, की पुढे गेलेले जनावर एका डोळ्याने आंधळे असावे. हे तर सरळ अनुमान झाले, गुप्तहेराचे काम.

व्याख्येला चपखल बसणारे उदाहरण म्हणजे हेन्री बेक्वेरेल. १८९५ च्या अखेरीस राँटजेनने क्ष-किरण शोधले. सूर्यप्रकाशाने उत्तेजित होऊन चमकणारे पदार्थही असे किरण सोडत असतील काय, हा बेक्वेरेलचा प्रश्न होता. छायाचित्रणाची काच त्याने काळ्या कागदात गुंडाळली, वर युरेनियमचा क्षार ठेवला आणि ती उन्हात मांडली. काचेवर ठसा उमटला. तर्क खरा ठरल्यासारखे वाटले. पुढच्या प्रयोगाच्या वेळी, फेब्रुवारी १८९६ च्या अखेरीस, पॅरिसवर ढग आले. तयार ठेवलेल्या काचा क्षारासह खणात पडून राहिल्या. १ मार्च रोजी त्याने त्या तशाच धुवून पाहिल्या. फार तर पुसटशी छटा दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ठसे ठळक निघाले. म्हणजे ऊन लागतच नव्हते. किरण युरेनियम स्वतः सोडीत होते. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा.

आता याची दुसरी बाजू पाहा. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी न्येप्स द सँ-व्हिक्तोर या फ्रेंच संशोधकालाही अंधारात ठेवलेल्या युरेनियमच्या क्षारांमुळे प्रकाशसंवेदी कागद काळवंडलेला आढळला होता. परंतु पदार्थात साठून राहिलेल्या प्रकाशाचे हे काम असावे, अशा अंगाने त्याचा विचार चालला. विशेष म्हणजे हेन्रीच्या वडिलांनीच आपल्या ग्रंथात या निरीक्षणाची नोंद केली आहे. योगायोग दोघांच्याही वाट्याला आला. त्याचा अर्थ एकालाच लागला. लुई पाश्चरने १८५४ मध्ये, म्हणजे वॉलपोलच्या पत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एका भाषणात सांगितले होते की निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग तयारीच्या मनावरच प्रसन्न होतो.

यावरून शब्द कोठे वापरू नये, हेही ठरते. आर्किमिडीजच्या स्नानाची गोष्ट खरी असो वा नसो, ती सेरेंडिपिटी नव्हे. मुकुटाच्या कोड्याचे उत्तर तो शोधीतच होता. कोलंबस निघाला आशियाकडे आणि पोचला अमेरिकेजवळ, पण आपण नवा खंड गाठला हे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही. मग चाणाक्षपणाचा पाय लंगडाच राहिला. लॉटरी लागणे तर मुळीच नाही, जरी वर्तमानपत्रांत हल्ली असा सैल वापर आढळतो.

काही उदाहरणे मात्र वादाची आहेत. अमेरिकेत १९६४ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात एक मंद खरखर येई. दिशा कोणतीही असो, ती तेवढीच. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. ती हलवली, विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर जवळजवळ तशीच. दुसरा कोणी ‘यंत्राचा दोष’ म्हणून पुढे गेला असता. हे दोघे गेले नाहीत, पण तिचा अर्थही त्यांना ठाऊक नव्हता. तो सांगितला जवळच्या प्रिन्स्टन विद्यापीठातील डिकी यांच्या गटाने : विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेतील प्रारणाचा तो अवशेष होता. शोधाचे नोबेल पारितोषिक १९७८ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना मिळाले. डिकी यांचा गट मात्र नेमके हेच प्रारण शोधण्यासाठी उपकरण उभारीत होता, आणि ते अजून पुरे व्हायचे होते.