पक्षाघात : पहिल्या साडेचार तासांचा हिशेब

सकाळीं वडील पूजेस बसतात. हातांतील पळी गळून पडते, तोंड एका बाजूस ओढलें जातें, शब्द जड येतात. मंडळी म्हणतात, 'वारा लागला असेल, जरा पडूं द्या.' कोणी तेल कोमट करतो, कोणी थोरल्या भावाची वाट पाहतो. या वाट पाहण्यांतच सारा घात आहे.

या रोगाचें मूळ मेंदूंतील रक्तवाहिन्यांत आहे, हें शाफहौझन येथील योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानें १६५८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. मृतांचीं मस्तकें उघडून त्यानें आंत साचलेलें रक्त पाहिलें. वाहिनी फुटते तरी, किंवा गुठळीनें तुंबते तरी. बाहेरून दोन्ही प्रकार सारखे दिसतात. पण एकाचें औषध दुसऱ्यास विष! म्हणून जिवंत माणसाच्या कवटीच्या आंत पाहतां येईपर्यंत डॉक्टरांचे हात बांधलेले होते. ती सोय हाउन्सफील्डच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडनमध्यें झाली.

पुढें गुठळी विरघळविणारें औषध आलें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत ६२४ रोगी होते. तीन तासांच्या आंत औषध मिळालेल्यांपैकीं अधिक जण तीन महिन्यांनीं जवळजवळ धडधाकट झालेले आढळले. मात्र शंभरांत सुमारें सहा जणांस मेंदूंत घातक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत हें प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी होतें. धोका खरा आहे, तो लपवूं नये. २००८ सालीं ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि २०१५ पासून मोठी गुठळी जांघेंतून नळी घालून ओढून काढणेंहि सिद्ध झालें.

घरांत ही गोष्ट प्रथम लक्षांत येते ती बहुधा सुनेच्या. पण वडीलधाऱ्यांपुढें बोलावें कसें, म्हणून ती गप्प राहते. तिनें खुशाल ओरडावें! सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. तोंडांत पाणी घालूं नये, ठसका लागून तें फुप्फुसांत जातें. अ‍ॅस्पिरिनहि घरीं देऊं नये. वाहिनी फुटली कीं तुंबली हें तेथें कोणास ठाऊक?

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा : शेवटचें नीट बोलणें केव्हां झालें? रात्रीं चांगला निजलेला माणूस सकाळीं लुळा उठला, तर तास निजल्यापासून मोजतात. अशांसाठींच २०१८ सालच्या प्रयोगांनीं, मेंदूचें चित्र पाहून निवडलेल्या कांहीं रोग्यांत, चोवीस तासांपर्यंत गुठळी काढण्याची वाट मोकळी केली.