आवाज आणि आज्ञा

संगीतवर्गांतील मुलें यंदां संगणकावर गाणीं नोंदवूं लागलीं, आणि त्याबरोबर ‘मिडी’, ‘सॅम्पल’, ‘बिट’ हे शब्द घरोघरीं ऐकूं येऊं लागले. पुष्कळ पालकांनीं त्यांचा अर्थ विचारला, म्हणून हा लेख.

मिडी म्हणजे रेकॉर्डिंगच, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा कसा, हें आपल्या नाशिकशीं संबंध असलेल्या एका पितापुत्रांच्या उदाहरणानें चांगलें समजतें. आयुष्याच्या उत्तरार्धांत येथें आश्रम करून राहिलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं गायन कागदावर उतरविण्यासाठीं स्वतःची स्वरलेखनपद्धति तयार केली. कोणता स्वर, किती मात्रा, हें त्या चिन्हांवरून कळतें. परंतु कागद कानाशीं धरला तर कांहींच ऐकूं येत नाहीं. गाणारा पाहिजे. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय १९२१ सालीं नाशिक येथें जन्मले व १९५५ सालीं, अवघ्या ३४ वर्षांचे असतां, निवर्तले. पण त्यांचा कंठ ध्वनिमुद्रिकांत राहिला आहे. पित्याची चिन्हें ही मिडीची जात. पुत्राची ध्वनिमुद्रिका ही रेकॉर्डिंगची.

मिडी ही १९८३ सालीं निरनिराळ्या कारखानदारांनीं मिळून रूढ केलेली वाद्यांची सामाईक भाषा होय. की-बोर्डाची पट्टी दाबली कीं तारेंतून आवाज जात नाहीं. जाते ती आज्ञा: ‘६० क्रमांकाचा स्वर, अमुक जोरानें, वाजवा.’ स्वरांचे क्रमांक ० ते १२७, जोराचें मापहि तेवढेंच. पट्टी सोडली कीं ‘थांबवा’ अशी दुसरी आज्ञा. सतार वाजावी कीं बासरी, हें पलीकडील यंत्र ठरवितें. म्हणून मिडींत चुकलेला स्वर मागाहून सुधारतां येतो, आणि संबंध गत कांहीं हजार बाइटांत मावते. मींडेसाठीं ‘पिच-बेंड’ ही निराळी आज्ञा आहे खरी, पण तिनें काढलेली मींड माझ्या कानाला अजून पटलेली नाहीं.

रेकॉर्डिंगांत प्रत्यक्ष हवेचें कंपन टिपलेलें असतें. मायक्रोफोन त्याचें विजेंत रूपांतर करतो, व ऑडिओ इंटरफेस नांवाची पेटी त्या विजेचा चढउतार क्षणोक्षणीं मोजून आंकडे लिहिते. असें एकेक माप म्हणजे सॅम्पल. कॉम्पॅक्ट डिस्कवर तीं सेकंदाला ४४,१०० असतात. कारण निकोप कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें, आणि कंपन बिनचूक पकडावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक मापें घ्यावीं लागतात. मोजपट्टी किती बारीक, तें बिट सांगतात: १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र क्लिपिंग. आवाज मोजपट्टीच्या वर गेला तर यंत्र शेवटचाच आंकडा लिहीत राहतें. लाटेचा माथा छाटला जातो व आवाज फाटतो. माझ्या वृद्ध आत्याबाईंच्या जात्यावरील ओव्या नोंदवितांना मीं गेन, म्हणजे मायक्रोफोनचा जोर, त्यांच्या पहिल्या हळू ओवीवरून ठरविला. पुढें त्यांचा गळा मोकळा झाला, आवाज चढला, आणि पडद्यावरील लाल खुणेकडे माझें लक्ष गेलें नाहीं. घरीं ऐकलें तों प्रत्येक ओवीचा चढ फाटलेला. पुढच्या सुटींत पुन्हां नोंदवूं म्हटलें. त्याआधींच आत्याबाई गेल्या. छाटलेला माथा अंदाजानें भरून काढणारे प्रोग्राम मिळतात. पण तो अंदाज प्रोग्रामचा, आवाज आत्याबाईंचा नव्हे.

तेव्हां घरच्या आजीला गावयास बसवाल तर प्रथम तिला मोकळ्या गळ्यानें एक ओवी म्हणूं द्या, आणि त्या वेळीं माप शून्याच्या सुमारें १२ डेसिबल खालीं राहील असा गेन ठेवा. मूळ नोंद वेव्ह फाइलींत जपा. एमपी३ करतांना कानास कमी जाणवणारा भाग टाकून दिलेला असतो, व तो मागाहून मिळत नाहीं.